तुमच्या प्रार्थनेचा दुसरा शब्द

अहो, तुम्ही गेल्यापासून दारात येणारा प्रत्येक जण मला एकच गोष्ट विचारतो. चहाचा कप हातात घेतो, डोळे पुसतो, आणि जरा पुढे वाकून हळूच म्हणतो, "शेवटी काय म्हणले?" आपल्या चर्चच्या मंडळीची ही जुनी रीत तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस गेला की स्मरणाच्या उपासनेत घरातल्या कुणीतरी उभं राहायचं आणि त्याचा शेवटचा शब्द सगळ्यांना सांगायचा. कुणी 'प्रभू, मी आलो' म्हणत जातं, कुणी गीताची ओळ म्हणत जातं. तुमचे काका तर दूधवाल्याला शिव्या देता देता गेले होते, तरी काकूंनी त्यांच्यासाठी एक गोड शब्द शोधून काढलाच. तेव्हा आपण दोघं मागच्या बाकावर मान खाली घालून हसू दाबत होतो. आता ती पाळी माझ्यावर आली.

मी सगळ्यांना सांगत राहिले, काही बोलले नाहीत, बोलायला दमच नव्हता. ते अर्धंच खरं होतं. तुमचा शेवटचा शब्द होता. पण तो तुमच्या तोंडात नव्हता, माझ्या तोंडात होता, आणि मी तो म्हटला नाही. तो शब्द घेऊन मला रविवारी मंडळीसमोर उभं राहायचं होतं. उपासना झाली. तिथं काय झालं ते सांगते, पण आधी बाकीचं बोलू द्या. मुद्द्यापासून सुरुवात करायची सवय मला कधी नव्हती, आणि ऐकून घ्यायची सवय तुम्हाला होती.

लग्न होऊन मी चिखलीला आले तेव्हाचे पहिले दिवस आठवतात का? मला वाटायचं, या माणसाला माझा कंटाळा आलाय. जेवताना सुस्कारा, बूट घालताना सुस्कारा, मी समोर येऊन बसले की सुस्कारा. मी तुमच्या आईला विचारलं की यांचं मन दुसरीकडे कुठं होतं का. त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्यालेच विचार. तुम्ही ओट्यावर बसून क्लॅरिनेट पुसत होता. मी विचारलं. तुम्ही कपडा बाजूला ठेवून अगदी साधेपणानं सांगितलं की श्वास आत घेताना मनात 'ये' म्हणतो आणि सोडताना 'घे' म्हणतो. कुणाला, असं मी विचारलं. प्रभूला, आणखी कुणाला. मग पुढे काय म्हणता? पुढे काही नाही, पुढे परत तेच. मला इतका राग आला की सांगू नका. माझ्यावर रुसलेला नवरा परवडला असता, पण प्रार्थनेत एवढा कंजूष माणूस मला मिळावा?

कारण मी कुणाची मुलगी, ते तुम्हाला माहीत होतं. माझी आई मेहकरकडच्या गावांतून फिरून बायांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायची. आमच्या घरी प्रार्थना म्हणजे गुडघे टेकून, डोक्यावर पदर घेऊन, आधी स्तुती, मग पापांची कबुली, मग उपकार, मग आजारी माणसं एकेक करून नावानिशी, मग प्रवासात असलेले, मग सरकार, मग पाऊसपाणी. मंडळीत मला प्रार्थनेला उठवलं की लहान पोरं आधीच भिंतीला पाठ टेकवून बसायची. तुम्ही म्हणायचे, तुझी प्रार्थना म्हणजे चिखली-मेहकर-जानेफळ एसटी आहे, प्रत्येक फाट्यावर हात दाखवणाऱ्याला घेते. मी म्हणायची, आणि तुमची म्हणजे नुसता मिस कॉल. त्यावर तुम्ही एकदा जे म्हणालात ते मी बायांच्या बैठकीत तुमचं नाव न घेता कितीदा तरी सांगितलंय.

"मिस कॉल त्यालेच देते माणूस, जो वापस लावतेच याची खातरी असते."

हे तुम्ही कुठून शिकलात, याचा पत्ता मला शेवटपर्यंत लागला नाही. कुणी पाळकानं शिकवलं नव्हतं. विचारलं की तुम्ही देवानं पहिला माणूस घडवला तिथपर्यंत मागं जायचे. मातीचा माणूस पडला होता नुसता, देवानं फुंकर घातली तेव्हा उठला. म्हणजे पहिला फुंकणारा देव आणि पहिलं वाजलेलं वाजं माणूस, असं तुमचं म्हणणं. हे सांगताना क्लॅरिनेटवाल्याचा सगळा गर्व तुमच्या तोंडावर यायचा. मी म्हणायची, शास्त्रात वाजं म्हटलेलं नाही. तुम्ही म्हणायचे, फुंकर तर म्हटलीये ना.

गॅसच्या रांगेत तुमचं ते चालायचं. एसटी स्टँडवर गाडी लागत नसली की चालायचं. कांदा चिरताना, आपल्या लेकीच्या, निशाच्या शाळेच्या फाटकापाशी, डॉक्टरच्या बाहेरच्या बाकावर चालायचं. डोळे मिटायचे नाहीत, ओठ हलायचे नाहीत, फक्त खांदे जरासे वर यायचे आणि खाली जायचे. मला मात्र प्रार्थनेसाठी वेगळी जागा, वेगळी वेळ आणि धुतलेले हात लागायचे. अंगणवाडीतलं काम आटपून मी घरी यायची, तर तोवर तुमची दिवसभराची झालेली असायची, आणि माझी अजून सुरूही नसायची. हे काही मला सहन व्हायचं नाही.

त्यातही मी भांडत असताना तुम्ही ते करायचे, तो तर शुद्ध अन्याय होता. मी एवढं बोलतेय, कपाळावरची शीर फुगलीये, आणि हा माणूस उत्तर द्यायच्या आधी एक श्वास आत घेतोय, एक बाहेर सोडतोय. मला कळायचं ना, आत काय चाललंय ते. मी ओरडायची की माझ्यासमोर प्रार्थना करू नका, सरळ भांडा. तुम्ही सरळ भांडायचेसुद्धा, पण त्या एका श्वासात तुमच्या शब्दांतलं विष निघून गेलेलं असायचं आणि मी एकटीच तापलेली राहायची. आज कबूल करते, त्यामुळे हे घर राहिलं. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असता.

आणि तुमचा तो लग्नाच्या वरातींचा बँड. कापसाच्या गोदामामागच्या पत्र्याच्या खोलीत तुमची तालीम चालायची. रफिकभाई मालक आणि ट्रम्पेटवाले, बाकीचे कुणी मुसलमान, कुणी बौद्ध, कुणी आपल्याच गल्लीतले. मी एकदा तुमचा डबा घेऊन आले आणि दारातच थांबले. आत रफिकभाई नव्या माणसावर ओरडत होते, "अबे, 'ये' काऊन नाई केला? 'ये' केल्याबिगर 'घे' कुठून येईन?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग सगळेच बोलायला लागले. याचा 'ये' उशिरा पडतो, त्याचा 'घे' ओळ संपायच्या आधीच संपतो, सगळ्यांनी एकाच जागी 'ये' केला तर गाणं मध्येच तुटेल. गाण्यात दम कुठं घ्यायचा आणि कुठवर फुंकायचा, यासाठी अख्खा बँड तुमची प्रार्थना वापरत होता. कोपऱ्यात बिडी जळत होती, सिनेमाचं गाणं चाललं होतं, आणि त्यात हे. डबा तिथंच ठेवून मी निघून आले.

पाळकसाहेबांच्या कानावर ते कुणीतरी घातलंच. ते चहाला आले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग विचारलं की मास्टर, हे बँडवाल्यांना प्रभूची प्रार्थना तालमीसारखी शिकवता म्हणे. तुम्ही म्हणालात, साहेब, मी शिकवली नाई, मी आपला दम घेऊन राह्यलो होतो, त्याईनं उचलली. पाळकसाहेब हसले आणि दुसऱ्यांदा चहा मागितला. त्यांच्यापुरतं ते तिथं मिटलं. मी काही मिटवलं नाही.

दुसरबीडच्या त्या लग्नात आपला खरा वाद झाला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मदतनीस बाईंच्या मुलीचं लग्न होतं म्हणून मीही तुमच्याबरोबर टेम्पोत आले होते. उन्हानं रस्ता तापलेला, वरात हलायला तयार नाही. नवऱ्या मुलाचा कुणी मामा पिऊन तर्र झालेला. तेच गाणं पुन्हा वाजवा म्हणून तो तुमच्या क्लॅरिनेटलाच हात घालत होता. मुलीकडचे लोक चिडले, मुलाकडचे बाह्या सावरायला लागले. मला वाटलं, आता इथं डोकी फुटतात. तुम्ही डोळे मिटले आणि तेच गाणं घेतलं, पण हळू. मग आणखी हळू. एवढं हळू, की नाचणाऱ्याला नाचता येईना आणि थांबणाऱ्याला भांडता येईना. तो मामा तुमच्याकडे बघत उभा राहिला, मग रस्त्याच्या कडेला जाऊन बसला आणि रडायला लागला. वरात पुढे गेली.

परत येताना टेम्पोत मी विचारलं, तेव्हा मनात काय म्हणत होता? तुम्ही म्हणालात, तेच. त्या दारुड्याच्या अंगावर? त्याच्याच अंगावर, त्याले जास्त गरज होती. माझा पारा चढला. मी म्हटलं, प्रभूचं नाव असं रस्त्यावर सांडायचं असतं का?

"सांडलं त जमीन पिते," तुम्ही म्हणालात. "वाया कुठी जाते?"

चिखली येईपर्यंत मी तोंड फिरवून बाहेरची शेतं बघत बसले. पण त्या वादाचं मूळ रस्ता किंवा दारू नव्हतंच, हे तुम्हालाही माहीत होतं. मूळ हे होतं की तुम्ही मागत नव्हता. माझ्या लेखी प्रार्थना म्हणजे मागणं. अंगणवाडीत ज्या लेकराचं वजन भरत नाही त्याचं नाव मी रोज प्रभूपुढे घेते. हजेरीत नाव पुकारल्याशिवाय लेकरू हजर धरत नाहीत, तसंच हे. निशाचं लग्न, आईचे गुडघे, गळणारं छप्पर, सगळं मी नावानिशी मागितलं आणि बरंचसं मिळवलं. तुम्ही नुसतं 'ये' म्हणायचे. तो आल्यावर त्याला काय सांगायचं, असं मी विचारायची. तुम्ही म्हणायचे, तो आला म्हणजे त्याले दिसत नाही का छप्पर? एवढ्यानं मी हरले असं नव्हतं. तो वाद तुम्ही तसाच टाकून गेलात.

मग खोकला सुरू झाला. आधी धूळ म्हणालो, मग वय म्हणालो. लग्नांत डीजे आले होते, बँडला सुपाऱ्या कमी झाल्या होत्या, म्हणून तुम्ही वाजवणं सोडलं तरी कुणाला फार कळलं नाही. मला कळलं. ज्या दिवशी तुम्ही क्लॅरिनेट तोंडाला लावून पुन्हा पेटीत ठेवलं आणि पेटीवर हात ठेवून बसून राहिलात, त्या दिवशी मी भाजीला फोडणी देत होते आणि फोडणी जळाली. मोठ्या शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं की फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, ती पुन्हा मऊ होत नाहीत. कशामुळं, ते त्यांनाही सांगता येईना. ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. त्याची घरघर दिवसभर चालायची. तुम्ही म्हणायचे, आजवर मी वाजवलं, आता हे मले वाजवते.

तेव्हा तरी मागा म्हणून मी तुमच्या मागं लागले. तुमच्या पायाशी बसून म्हटलं, एकदा तरी म्हणा की मला बरं कर. आयुष्यात तुम्ही काही मागितलं नाही, एवढं मागितलंत तर तो नाही म्हणणार नाही. तुम्ही बराच वेळ नळी सावरत राहिलात. मग म्हणालात, तू माग, तुले दम हाये. मी मागितलं, अहो. गुडघ्यांना वळ उठेपर्यंत मागितलं. पुढे काय झालं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो तुमच्यावर नाही.

मंडळी घरी यायची, खाटेभोवती उभी राहायची, प्रार्थना व्हायची. शेवटी मला सांगायचे आणि मी सुरू करायची, स्तुतीपासून. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तुम्ही माझा हात धरला. एकेक शब्द तोडून बोलत होता.

"निशाची माय, मले तुह्या प्रार्थनेमागं धावता येत नाई आता."

त्यानंतर मी तुमच्यासमोर मोठी प्रार्थना केली नाही. स्वयंपाकघरात जाऊन करायची. तुमच्याजवळ नुसती बसायची. तेव्हा पहिल्यांदा तुमच्याबरोबर मी ते करून पाहिलं. आत घेताना 'ये', सोडताना 'घे'. मला जमेना. माझा श्वास लांब, तुमचा आखूड. मी एकदा 'ये' म्हणेपर्यंत तुमचं दोन्ही होऊन जायचं. तुम्ही हसलात आणि खोकला आला. त्या दिवसांत मला तुमची खरी ओळख झाली, असं म्हणणं म्हाताऱ्या बायकोला शोभत नाही, पण झाली. एवढ्याशा श्वासात मावेल तेवढंच बोलायचं, आणि ते तक्रारीचं नाही, हे तुम्ही काही आजारात शिकला नव्हता. गॅसच्या रांगेत, स्टँडवर, माझ्या शिव्या खाताना तुम्ही त्याचीच सवय करून ठेवली होती. मला आजारपणात प्रार्थना शोधावी लागली असती. तुमची आधीच तिथं होती.

आता त्या दुपारचं सांगते.

निशा पुण्याहून आली होती, ती औषधं आणायला गेली होती. रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा वाजत होता. तुमचे ओठ हलत होते पण शब्द उमटत नव्हता. तुम्ही माझ्या मनगटावर बोटानं टिचकी मारली, बँडमध्ये सुरुवात करून द्यायला मारायचे तशी. मला कळलं. तुमची छाती वर आली, मी 'ये' म्हटलं. छाती खाली गेली, मी 'घे' म्हटलं. तुम्ही पापण्या मिटून हो म्हणालात. मग मी म्हणत राहिले. तुमचा श्वास आणि माझे शब्द. जिनं तुम्हाला कंजूष म्हटलं, मिस कॉल म्हटलं, ती बाई तुमची प्रार्थना तुमच्या वतीनं म्हणत बसली होती. आपण दोघांनी मिळून केलेली पहिली प्रार्थना ती, अहो. एवढ्या वर्षांच्या संसारात मी शेजारी बसून माझी केली, तुम्ही तुमची केली. ती दुपार नसती तर हे मला मिळालंच नसतं. त्याच्यासाठी मी उपकार मानते, रागातसुद्धा मानते.

श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. मग एक श्वास आत आला, मोठा, कित्येक दिवसांत आला नव्हता तेवढा. मी 'ये' म्हटलं. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आणि मी तोंड मिटून घेतलं.

मला वाटलं, मी दुसरा शब्द म्हटला नाही तर तुम्ही थांबाल. तुम्ही माझ्यासाठी नेहमी थांबायचे. मी ताटावर आल्याशिवाय घास मोडायचे नाहीत. स्टँडवर माझी गाडी चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत तिथंच उभे राहायचे. मी ओठ दाबून धरले आणि तुमच्याकडे बघत राहिले. श्वास सुटला. माझ्या शब्दाशिवाय सुटला. त्यानंतर छाती वर आली नाही. मशीनची घरघर तेवढी चालू राहिली, निशा येईपर्यंत.

हे मी कुणाला सांगितलं नाही. पाळकसाहेबांना नाही, निशालाही नाही. आणि त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद पडली. गुडघे टेकले तरी स्तुतीचा पहिला शब्द येईना. मात्र श्वास घेतला की आपोआप 'ये' येत होतं. भांडी घासताना 'ये', दारात 'ये', तुमच्या खाटेवरची गादी उन्हात टाकताना 'ये'. श्वास सोडताना मात्र मी ओठ घट्ट मिटायची. छाती भरल्यासारखी राहायची. निशा म्हणाली, आई, तू सारखे सुस्कारे टाकतेस, डॉक्टरला दाखवू या. खरं सांगू का? तो 'ये' मी प्रभूला म्हणत नव्हते. तुम्हाला म्हणत होते.

शनिवारी रफिकभाई आले. उद्या मास्टरसाठी चर्चमध्ये बँडवाले आले तर चालेल का, हे विचारायला आले होते. मी म्हटलं, चालेल काय, या. ते तुमच्या रिकाम्या खाटेकडे न बघता खुर्चीत बसले. बोलता बोलता मी त्यांना म्हटलं की तुमच्या तालमीत 'ये' आणि 'घे' चालायचं, तेव्हा मला फार राग यायचा, कारण ती यांची प्रार्थना होती आणि तुम्हाला कुणाला ते ठाऊक नव्हतं. रफिकभाईंनी कप खाली ठेवला.

"भाभी, आमाले पयलेपासून मालूम होतं," ते म्हणाले. "दुवा हाये म्हणूनच त म्हणत होतो. जो तो आपापल्या मालिकले म्हणे."

मी विचारलं, मग तुम्ही आता म्हणता का? ते म्हणाले, बँड बंदच हाये भाभी, पण जिना चढताना म्हणतो, गुडघे दुखतात. मग म्हणाले की मास्टर नुसता दम भरून उभा राहणाऱ्याला फार रागवायचे, म्हणायचे, घेतला तर सोड, तो काय तुह्या बापाचा हाये? हे ऐकून मला हसू आलं. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा आलं. त्यांना वाटलं मी रडतेय, म्हणून ते उठले आणि सलाम करून गेले.

रविवारी चर्च भरलं होतं. बँडवाले मागच्या बाकांवर बसले होते, धुतलेल्या शर्टांत. पाळकसाहेबांनी तुमचा जन्म, बाप्तिस्मा, लग्न, नोकरी न मिळणं, बँड, आजार, सगळं कागदावरून वाचलं. सगळं खरं होतं, पण दुसरबीडच्या त्या मामासमोर हळू वाजवणारे तुम्ही त्यात कुठंच नव्हता. मग ते म्हणाले, आता बाई आपल्या साक्षीत त्यांचा शेवटचा शब्द सांगतील. मी उठून पुढे गेले. लोक बाकांवर सावरून बसले. मला बोलायला उठवलं की लोकांची तयारी असते, त्यांचा दोष नाही.

मी मनात पुष्कळ जुळवून आणलं होतं. सुरुवात स्तुतीनंच होती. समोर सगळे चेहरे दिसत होते, निशा पहिल्या बाकावर रुमाल घेऊन बसली होती. मी बोलण्यासाठी श्वास घेतला. आत 'ये' आलं. आणि मला कळलं की या वेळी ते तुमच्यासाठी नाही. तुम्ही येणार नाही. मी ज्याच्यावर एवढे दिवस रागावले होते, त्यालाच ये म्हणत होते, आणि तो आला तर त्याला नावानिशी सांगायचं असं माझ्याजवळ एकच नाव होतं, तुमचं. ते मी मनात घेतलं. श्वास छातीत अडून राहिला. दुखायला लागलं. मग मी तोंड उघडलं.

"घे," मी म्हटलं.

मोठ्यानं नाही, पण पहिल्या दोन-चार बाकांना ऐकू जाईल एवढं. मग मी जाऊन जागेवर बसले. पाळकसाहेब थोडा वेळ थांबले, मी परत उठेन म्हणून. मग त्यांना वाटलं, बाईंना भरून आलं, आणि त्यांनी गीत घ्यायला सांगितलं. सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले आणि गायले.

घरी येताना निशानं माझा हात धरला होता. ती म्हणाली, आई, तू काहीच बोलली नाहीस. बाबांचा शेवटचा शब्द सांगायचा होता ना? मी म्हटलं, सांगितला की. तेवढाच होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि धरलेला हात आणखी घट्ट केला.

अहो, तो शब्द तुमचा होता, मी तो उशिरा म्हटला. तुम्हाला प्रभूच्या हाती दिलं मी. मनापासून दिलं, असं खोटं सांगत नाही. पण दिलं.